अधिक-उणे

नर्मदेच्या दक्षिणेला, एका ओढ्याच्या काठी
रमणभाई वसावांनी चार दिवस दरड तासली.
खुरपं, मग खराटा, मग नुसता हात.
तेव्हा दिसला भ्रंश,
तिरका, बोटाएवढा, पिठूळ.
अलीकडे तांबडा थर माझ्या पायाशी.
पलीकडे तोच थर शिडीशिवाय हाताला लागेना.
टेप धरला. तीन मीटर चाळीस.
रमणभाई वर बघत म्हणाले,
आटलुं बधुं एक राते?
मी म्हटलं, तेच तर शोधायचंय.

वाळूचा कण उन्हात असतो
तेव्हा त्याच्या गाठीला काही नसतं.
पुरला गेला की जमवू लागतो
आजूबाजूच्या मातीतून येणारं कणकण,
आणि पुन्हा उजेड दिसला
की सगळं एका क्षणात उधळून मोकळा.
म्हणून लोखंडी पाइप ठोकून आत घातला,
म्हणून दोन्ही तोंडांना काळं प्लॅस्टिक,
म्हणून राजपिपळ्याहून बसमध्ये मांडीवर घेऊन बसले.
कंडक्टरनं विचारलं, आमां शुं छे, बेन?
अंधार, म्हणणार होते.
माटी, म्हटलं.
त्यानं सामानाचं तिकीट फाडलं.

फतेगंजच्या तळघरात एकच लाल बल्ब.
आम्ल, पेरॉक्साइड, चाळण्या, चुंबक.
नवरात्र होतं. वर मैदानात
हजारो पावलं एका ठेक्यावर पडत होती
आणि माझ्या टेबलावरच्या बश्या किणकिणत होत्या.
मी दार लावून घेतलं, तरी किणकिणत होत्या.
पहाटे यंत्रात कणानं
जमवलेलं सगळं परत केलं,
डोळ्यांना दिसणार नाही इतका उजेड.
अकरा हजार वर्षं.
अधिक-उणे नऊशे.

त्या नऊशेत गायकवाडांचं अख्खं राज्य
तीनदा मावेल, वर जागा उरेल.
अहवालात ते दोन छोट्या चिन्हांत बसतं.

वडील महापालिकेत ओव्हरसियर होते.
शाळेच्या भिंतीला तडा गेला
की त्यावर आडवी काचेची पट्टी बसवायचे,
दोन्ही टोकांना प्लॅस्टरचा गोळा, खाली पेन्सिलीनं तारीख.
काच फुटली तर भिंत चालतेय.
रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून
काचा बघत हिंडायचे, मग सेव-उसळ.
सगळ्या शाबूत असल्या तर जास्त तिखट मागायचे.

त्यांना आकडा सांगितला:
वर्षाला शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर.
म्हणजे एका पोस्टकार्डाची जाडी, अण्णा.
ते उठून कपाटात पोस्टकार्ड शोधू लागले,
मिळालं नाही, विजेचं बिल घेऊन परत आले,
चिमटीत धरून बघत राहिले.
वर्षाला एक?
सरासरी.
सरासरी म्हणजे?

म्हणजे तीन हजार वर्षं एकही नाही.
पोस्टमन रोज दारावरून जातो, मान हलवतो,
आणि मग एखाद्या दुपारी
सगळा गठ्ठा एकदम उंबऱ्यात.

शेवटचा कधी आला?

सगळ्यात वरचा काळा थर भ्रंशावरून सरळ गेलाय,
कुठे मोडलेला नाही.
त्याचं वय कळलं की सांगता येईल
निदान किती वर्षं शांतता आहे.
तो दुसरा पाइप अजून बांधलेलाच आहे.

त्यांनी बिलाची घडी घातली, उलगडली.
रावपुऱ्यातली ती मुलींची शाळा आठवते?
तिची काच शेवटपर्यंत फुटली नाही.
मी बावीस वर्षं समजत होतो
भिंत थांबलीय.

मी काही बोलले नाही.
भिंतीचं गणित वेगळं असतं,
म्हणता आलं असतं. खरंही होतं ते.
स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिटी झाली,
मी जाऊन गॅस बंद केला.

परत आले तर म्हणाले,
त्या दुसऱ्या पाइपवर
तारीख घातलीस ना?
घातली.
कशानं?
पेन्सिलीनं.